बुडबुडे आलेच नाहीत

१

शनिवारी सकाळी साडेदहाला मी चहाचा पहिला घोट घेतला आणि परत कपात सोडला. चहाला कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येत होता.

"इरावती, किटली कशाने घासलीस?"

"मी कशाला घासू? काका, आज चहाचं काय घेऊन बसलात! माणसं येतील आता."

माणसं आली. पवईला इरावतीची दोन खोल्यांची लॅब आहे. तिथे त्या दिवशी तिघे आले. मुलुंडच्या हॉस्पिटलचे प्रशासक डॉ. सर्वेश. तिथल्या मोठ्या सिस्टर क्लॅरिस. आणि हॉस्पिटलचे कपडे, चादरी, टॉवेल यांचं खातं सांभाळणारा मुकुल. मुकुल माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, शुभाचा, धाकटा भाऊ. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. ते माझ्या हातून लिहिलं जात नाही.

इरावतीने फ्रीजमधून बाटली काढली. बुचावर कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर आम्हा पाचजणांच्या सह्या. हॉस्पिटलमधले दोन टॉवेल गुरुवारी सगळ्यांसमोर स्वच्छ पाण्यात पिळून ते पाणी आम्ही या बाटलीत भरलं होतं. इरावतीने ब्लेडने पट्टी कापली आणि थोडं पाणी मशीनमध्ये सोडलं.

मशीन म्हणजे दोन काचांमधली बारीक फट आणि खाली सिरॅमिकची चकती. चकती इतक्या जलद थरथरते की तो आवाज माणसाला ऐकू येत नाही. पण पाण्यात त्या आवाजाच्या लाटा उभ्या राहतात, आणि पाण्यात विखुरलेलं जे काही बारीक असेल ते ओढलं जाऊन मधोमध एका रेघेत जमतं. एरवी जे बादलीभर पाण्यात शोधून सापडणार नाही, ते एका रेघेत हातात येतं. आम्हाला हवे होते बीजाणू. बीजाणू म्हणजे जंतूचं बी, कडक कवचाचं. आम्ही शोधत होतो त्या एकाच जातीच्या कवचाला धरणारा एक रंग इरावती पाण्यात टाकते. ते बीजाणू असतील तर निळ्या दिव्याखाली रेघ हिरवी चमकते.

एक मिनिट गेलं, दोन गेली. रेघ जमली, पण चमकली नाही.

डॉ. सर्वेश यांनी खिशातून पेन काढलं. "मग? काही सापडलं नाही असं लिहू या ना?"

इरावतीचा चेहरा पडला. गुरुवारी संध्याकाळी याच पाण्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात तिने आणि मी हिरवी रेघ डोळ्यांनी बघितली होती. पण ती आम्हा दोघांनीच. ती कोण मानणार?

मी मात्र दिव्याकडे बघतच नव्हतो, फटीकडे बघत होतो.

"बुडबुडे कुठे आहेत?" मी म्हणालो.

"कसले बुडबुडे?" डॉ. सर्वेश म्हणाले.

"आलेच नाहीत. डॉक्टर, पेन खिशात ठेवा. हे पाणी कोणीतरी उकळलंय."

२

मी नंदकुमार. अंधेरीच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं आवाजाने साफसफाई करणाऱ्या टाक्या बनवल्या. इंजेक्शनच्या सुया, घड्याळाची चाकं, चष्म्याच्या फ्रेम, सगळं त्या टाकीत धुतलं जातं. आमच्या धंद्यात नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट शिकवायची. टाकीत ताजं पाणी भरलं की लगेच माल टाकायचा नाही. आधी दहा मिनिटं टाकी नुसती चालवायची. पाण्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन वर येते, ती जाऊ द्यायची. पाणी उकळून आणलेलं असेल तर ही दहा मिनिटं लागत नाहीत. त्यातली हवा आधीच गेलेली असते.

गुरुवारी त्या बुडबुड्यांनी आम्हाला पाऊण तास वैताग आणला होता. शनिवारी एकही नाही. मला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती. पण मग चहाची आठवण झाली. टॉवेलचं पाणी, म्हणजे त्यात साबणाची पावडर. लॅबमध्ये उकळायला एकच वस्तू होती. विजेची किटली.

"म्हणजे ते पाणी मी चहातून..." इरावतीने तोंडावर हात ठेवला.

"तुला-मला काही होत नाही," मी म्हणालो. "ज्यांच्या अंगात झगडायची ताकद उरलेली नाही, त्यांना होतं."

शुभाला झालं. तिला रक्ताचा कॅन्सर होता. औषधं द्यायला दंडात नळी बसवली होती. दर आठवड्याला तिचं ड्रेसिंग मी घरी बदलायचो. हात कोपरापर्यंत धुवायचो, हातमोजे घालायचो, बोलायचोसुद्धा नाही, श्वास लागेल म्हणून. फेब्रुवारीत ती चौथ्या कीमोसाठी ॲडमिट झाली आणि सहाव्या दिवशी तिच्या रक्तात जंतू सापडले. नवव्या दिवशी ती गेली. शेवटच्या कागदावर हॉस्पिटलने लिहिलं, 'घरी केलेल्या ड्रेसिंगमधून संसर्ग.'

म्हणजे मी. माझ्या हातांनी.

ते वाक्य मी मान्य केलं नाही. आजही करत नाही. इरावतीच्या मशीनच्या फटी मीच बनवून देतो. मी तिला म्हणालो, आधी मला तपास. तिने माझी ड्रेसिंगची पेटी तपासली, घरातलं पाणी तपासलं, नखांखालचा मळसुद्धा सोडला नाही. काही नाही. मग क्लॅरिस सिस्टरने मला हळूच सांगितलं की कीमोच्या वॉर्डात पेशंटचं अंग गरम ओल्या टॉवेलने पुसतात आणि ते टॉवेल एका गरम कपाटात रात्रंदिवस पडून असतात. ऊब आणि ओल. जंतूला आणखी काय लागतं? मी अर्जावर अर्ज केले. सातव्या अर्जाला हॉस्पिटलने तपासणी मान्य केली. सोमवारी दहाला समिती बसणार होती. तिथे काही दाखवता आलं नाही, तर ते वाक्य कायम राहणार होतं.

तिघे निघून गेल्यावर इरावती म्हणाली, "काका, उकळल्यावर कवचाचा वरचा थर बिघडतो. रंग धरत नाही, म्हणून रेघ चमकली नाही. पण रेघ जमली ना? म्हणजे बीजाणू आहेत तिथे."

"मेलेले?"

ती पहिल्यांदा हसली. "बीजाणू उकळून मरत नाहीत हो. त्यांना प्रेशरची वाफ लागते." तिने त्या रेघेतला थेंब उचलून जंतूंच्या खाण्याने भरलेल्या ताटलीत पसरला. "उद्यापर्यंत बघू."

मी बाटलीचं बूच आणि कापलेली पट्टी रुमालात बांधून खिशात टाकली.

३

शुक्रवारी दुपारी इरावती इन्स्टिट्यूटमध्ये गेली होती. मी आतल्या खोलीत चकत्यांना तारा जोडत होतो. फ्रीज आणि किटली बाहेरच्या खोलीत. दोन ते पाचमध्ये तिघेही येऊन गेले होते. डॉ. सर्वेश मशीन बघायला. क्लॅरिस सिस्टर टॉवेलच्या नोंदींची झेरॉक्स द्यायला. मुकुल डबा घेऊन. शुभा गेल्यापासून दर शुक्रवारी तो मला डबा आणून देतो. वरण, भात, एखादी भाजी.

डॉ. सर्वेश यांना मी शनिवारीच खाली गाडीपाशी गाठलं होतं.

"नंदकुमारजी, मी डॉक्टर आहे," ते म्हणाले. "पाणी नष्ट करायचं असतं तर मी ते ओतून दिलं असतं आणि नळाचं भरलं असतं. उकळत कशाला बसू? आणि टॉवेलचं खातं तर तुमच्याच घरच्या माणसाकडे आहे, नाही का? उगाच जास्त खणू नका. काय निघेल सांगता येत नाही."

मला ती धमकी वाटली. नंतर कळलं, ती माहितीही होती.

रविवारी चर्च सुटल्यावर मी मरोळच्या गावठाणात क्लॅरिस सिस्टरच्या घरी गेलो. ती ओट्याशी बोंबील साफ करत होती.

"अंकल, संशय घ्यायला आलात ना? मग आधी बसा. उभ्याने संशय घेतला की पाय दुखतात."

"शुक्रवारी तू लॅबमध्ये किती वेळ होतीस?"

"पाच मिनिटं. फ्रीज बघितला, किटली बघितली, बाटलीला हात नाही लावला. आता माझं ऐका. उकळून? मी नर्स आहे का चहावाली? सुया उकळायच्या ते माझ्या सासूच्या जमान्यात. बीजाणू उकळून मरत नाहीत हे मला पहिल्या वर्षी शिकवलं. मला ती बाटली घालवायची असती ना, तर हातातून सोडली असती. खळ्ळ! सॉरी अंकल, हात ओला होता."

मला हसू आलं. फार दिवसांनी.

"आणि मी कशाला घालवेन?" ती सुरी खाली ठेवून म्हणाली. "तुम्हाला ड्रेसिंग कोणी शिकवलं? मी. त्या कागदावर तुमचे हात घाणेरडे लिहिलेत, म्हणजे माझी शिकवणीपण घाणेरडी. मी गप्प बसणार?"

बाहेर पडलो तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती. हे काम डॉक्टरचं नाही आणि नर्सचंही नाही. ज्याला खरोखर वाटतं की उकळलं की सगळं शुद्ध होतं, अशा माणसाचं हे काम आहे.

इतक्यात इरावतीचा फोन आला. "काका, उगवले! ताटली भरून. आणि एकच जात. बाकीचे बारीकसारीक जंतू उकळून मेले, हेच उरले. ज्याने उकळलं ना, त्याने माझं निवडण्याचं काम करून दिलं."

"शुभाच्या रक्तात होते तेच?"

"त्याच जातीचे."

मी गावठाणाच्या क्रुसापाशी कट्ट्यावर बसलो आणि खिशातला रुमाल सोडला. पट्टी गुरुवारी आम्ही ग्लू स्टिकने चिकटवली होती. आता ती उलटी करून बघितली. एका टोकाला कागद पिवळसर आणि ताठ झाला होता, आणि त्यात एक पांढरा कडक कण दाबून चपटा झाला होता. मी तो नखाने काढला. बोटांत चुरडला.

ते भाताचं शीत होतं.

४

मुकुल मुलुंड पूर्वेला राहतो. त्याची बायको शेजारी गेली होती. तो गॅलरीत शर्टाला इस्त्री करत होता. कपड्यांचा माणूस, घरीही कपडेच.

"भावोजी! या ना. जेवलात?"

मी इस्त्रीच्या टेबलावर पट्टी ठेवली.

"तुझी ताई राखीचं पाकीट कशाने चिकटवायची?"

तो पट्टीकडे बघत राहिला. इस्त्री शर्टावर तशीच होती. मी ती उचलून उभी केली.

"शिताने," तो म्हणाला. "आमची आई पण. घरात गोंद कधी नसायचाच."

"शुक्रवारच्या माझ्या डब्यातलं शीत. वाफेवर पट्टी सोडवलीस, पाणी किटलीत ओतलंस, उकळलंस, परत भरलंस. मग पट्टी लावायला काही सापडेना, म्हणून माझा डबा उघडलास."

"हो."

"मुक्या, का रे?"

तो खाली बसला. इस्त्रीची वायर बोटाला गुंडाळायला लागला.

"तिचं अंग मीच पुसायचो. नर्सला सांगायचो, तुम्ही राहू द्या, माझी ताई आहे. कपाटातला सगळ्यात गरम टॉवेल शोधून आणायचो. ती म्हणायची, मुक्या, किती ऊब आहे रे. डोळे मिटून घ्यायची." त्याने तोंड पुसलं. "भावोजी, मला बाकी काही नको होतं. फक्त माझ्या टॉवेलने नाही झालं, एवढं व्हायला हवं होतं. पाणी मी बदललं नाही. आईशपथ, पाणी तेच आहे. फक्त साफ केलं. आमच्याकडे उकळलं की विषय संपतो."

"संपला नाही," मी म्हणालो. "ते उकळून मरत नाहीत. सगळे जिवंत आहेत. आणि तुझा विषय संपला असता, तर त्या कागदावर माझे हात कायमचे राहिले असते. याचा विचार केलास?"

त्याने बोटावरची वायर सोडवली.

मी त्याला जवळ घेतलं नाही. राग होता, आणि तो खोटा नव्हता. पण एक गोष्ट मला खटकत होती. मुकुल वीस वर्षं हे काम करतोय. तो ओले टॉवेल कपाटात कोंबणारा माणूस नाही.

"टॉवेल ओले का ठेवत होतास?"

"ड्रायर नोव्हेंबरपासून बंद आहे. मी दोनदा लिहून दिलं. वरून उत्तर आलं, ओलेच ठेवा, कपाट गरम आहे, सुकतील."

"तोंडी?"

"नाही. माझ्याच पत्रावर लिहून. डॉक्टर सर्वेश यांची सही आहे."

म्हणून ते म्हणत होते, जास्त खणू नका. खणलं तर मुकुलच निघेल, आणि मेहुण्यासाठी मी गप्प बसेन, असा त्यांचा हिशोब होता.

"उद्या दहाला ये," मी म्हणालो. "पत्रं घेऊन. आणि जे केलंस ते तू स्वतः सांगायचं. मी सांगणार नाही."

"नोकरी जाईल, भावोजी."

"जाईल कदाचित. पण त्या वॉर्डात आजही कोणाच्या तरी ताईला ते टॉवेल लावतायत."

५

सोमवारी समितीत अध्यक्ष म्हणून बाहेरच्या डॉक्टर होत्या. शर्मिष्ठाबाई. पांढरे आखूड केस, बोलणं मोजकं. इरावतीने ताटली दाखवली. बुडबुड्यांचं मी सांगितलं. मग दाराशी उभा असलेला मुकुल पुढे आला आणि सगळं बोलला. किटली, पट्टी, शीत. एकदाही थांबला नाही. शर्ट कालचाच होता, अर्धवट इस्त्रीचा.

डॉ. सर्वेश लगेच उठले. "मॅडम, इथेच प्रकरण संपतं. एक तर बाटली उघडली गेली. त्यात भात! हे जंतू भातात असतातच, कुठल्याही पुस्तकात सापडेल. वर यांच्याच मेहुण्याने केलेला प्रकार. उद्या हेच लोक म्हणतील..."

"बरोबर बोलतायत ते," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ती बाटली बाद. फेकून द्या. गुरुवारी भात नव्हता, तेव्हा आम्ही हिरवी रेघ बघितली, पण ती दोघांनीच, म्हणून तीही बाद." मी खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. "मशीन मी बरोबर आणलंय. एवढंसंच आहे. कपाट दुसऱ्या मजल्यावर आहे. चला."

"तो पेशंटचा भाग आहे. असं कोणालाही..."

"मी पाच महिन्यांपूर्वी तिथे नऊ दिवस होतो, डॉक्टर. तेव्हा कोणी अडवलं नाही."

"कपाटाची किल्ली लागेल. ती स्टोअरला असते, आणि आज..."

"माझ्याकडे असते," क्लॅरिस सिस्टर म्हणाली आणि किल्ली टेबलावर टाकली.

शर्मिष्ठाबाई उठल्या. "वॉर्डाचा गाऊन घालून मीही पन्नास वॉर्ड फिरले आहे. चला."

कपाट वॉर्डातच, पलंगांशेजारी. स्टीलचं, हात लावला की कोमट. शर्मिष्ठाबाईंनी स्वतः हातमोजे घालून टॉवेल काढला, स्वतः पाण्यात पिळला, स्वतः त्यात इरावतीचा रंग घालून ते पाणी मशीनमध्ये सोडलं. आम्ही कोणी हात लावला नाही. मी फक्त बटण दाबलं.

पहिल्याच मिनिटात बुडबुडे आले. बत्तीस वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी मोजावेसे वाटले. ते जाऊ द्यायला अर्धा तास लागला आणि तेवढा वेळ कोणी जागचं हललं नाही. मग मधोमध रेघ जमायला लागली. इरावतीने पडदे ओढून, वॉर्डातले दिवे बंद करून निळा दिवा लावला.

रेघ हिरवी होती. केसासारखी बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

मग डॉ. सर्वेश हळूच म्हणाले, "लिनन विभागाची चूक झालेली दिसते. संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई..."

"पत्रं," मी म्हणालो.

मुकुलने दोन्ही पत्रं शर्मिष्ठाबाईंच्या हातात दिली. त्यांनी वाचली. खालची सही बघितली, मग सही करणाऱ्याकडे बघितलं.

"मुकुल, बाटलीला हात लावलास त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण टॉवेलचं उत्तर तू आधीच दोनदा दिलं आहेस. डॉक्टर सर्वेश, शुभाबाईंची फाइल मागवा."

फाइल आली. शर्मिष्ठाबाईंनी फूटपट्टी लावून ड्रेसिंगचं ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'घरच्या ड्रेसिंगचा संबंध आढळला नाही. रुग्णालयातील टॉवेलमध्ये त्याच जातीचे बीजाणू सापडले.' खाली सही, तारीख. मला विचारलं, "एवढं चालेल?"

"नाही," मी म्हणालो. "कपाट अजून चालू आहे."

मी भिंतीशी गेलो आणि प्लग काढला. मुकुलने आतले सगळे टॉवेल पिवळ्या पिशवीत भरले. शेजारच्या पलंगावर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती. तिने क्लॅरिसला विचारलं, "सिस्टर, आज गरम टॉवेल नाही?"

"आज नवा कोरडा टॉवेल देते. गरम पाणी बादलीत आणते."

"पण ती ऊब छान वाटायची हो."

मुकुलने पिशवीची गाठ मारली आणि पाठ फिरवली.

"ताई," मी तिला म्हणालो, "थोडे दिवस गार टॉवेलच सोसा."

मी कपाटाच्या दारावर हात ठेवून उभा राहिलो. डॉ. सर्वेश म्हणाले, आता तुम्ही गेलात तरी चालेल. मी म्हणालो, हे गार झाल्यावर जाईन. वीस मिनिटं लागली. मी तेवढा वेळ तिथेच होतो.